बालाघाटात सराव, कोकणात सहल

बीडच्या माणसाला चालण्याचे अप्रूप नाही. आषाढीच्या आधी शेगावची पालखी परळी-अंबाजोगाई करत पुढे जाते, पैठणहून निघालेली नाथांची पालखी शिरूर-पाटोद्याचा माळ तुडवते, कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला कपिलधारकडे दिंड्या निघतात. तरीही सुटी काढून, पैसे भरून, सोबत वाटाड्या घेऊन चार दिवस नुसते चालायला जायचे म्हटले, की घरातून पहिला प्रश्न येतो तो ‘कशासाठी?’ नवस नाही, देव नाही, सोयरीक नाही; मग पाय झिजवायचे कशाला?

ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुरते शोधले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मार्गदर्शकासह पायी सहल म्हणजे काय, हे समजायला लांब जावे लागत नाही. दिंडीची व्यवस्था डोळ्यांसमोर आणावी. चालायचा क्रम ठरलेला, विसावा आणि मुक्काम आधीच ठरलेले, जड सामान ट्रकमध्ये, खांद्यावर फक्त पडशी, आणि चोपदाराने दंड उंचावला की सगळ्यांनी शांत व्हायचे. ट्रेकमध्ये पुढे ‘लीड’ चालतो आणि सगळ्यांत मागे ‘स्वीप’. लीडला ओलांडायचे नाही आणि स्वीपच्या मागे राहायचे नाही. हा नियम रुक्ष वाटतो खरा. पण डोंगरात माणसे हरवतात ती बहुतेक वेळा फोटोसाठी मागे रेंगाळल्यामुळे किंवा ‘वाट दिसतेय की’ म्हणून पुढे पळाल्यामुळे.

युरोपातही ही पद्धत श्रीमंतांच्या हौसेतून रुजली नाही. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात कोलन नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. तिथल्या थॉमस आर्थर लेनर्ड या पाद्र्याने १८९१ साली गिरणीतल्या तरुणांना चार दिवसांसाठी लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत चालायला नेले. वर्षभर यंत्राशी झटणारी माणसे सुटीत समुद्रकाठच्या गर्दीत पैसे उडवून परत येतात, हे त्याला खुपत होते. त्यातून सुरू झालेल्या कामातून १९१३ मध्ये ‘हॉलिडे फेलोशिप’ ही संस्था उभी राहिली आणि आज ती ‘एचएफ हॉलिडेज’ नावाने डोंगरात आणि किनाऱ्यावर माणसे चालवत असते. आपल्याकडे स्वस्तात हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर केले ते यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाने. तिचा गोव्यातला राष्ट्रीय ट्रेक डोंगर आणि समुद्र एकत्र अनुभवण्यासाठी नवख्यांना सोयीचा आहे: काही दिवस किनाऱ्याने चाल, मग सह्याद्रीच्या जंगलात दूधसागरच्या बाजूला मुक्काम. राहणे तंबूत, ताट-वाटी-मग आपले आपण न्यायचे, दुपारचा डबा सकाळीच भरून घ्यायचा, सॅक स्वतःच्या पाठीवर. दारू-सिगारेटला थारा नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि ते ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता आणू नये. त्या कागदाचा उपयोग संस्थेपेक्षा आपल्यालाच जास्त असतो.

पण गोवा किंवा कोकण ही दुसरी पायरी. पहिली पायरी घराजवळ आहे.

बीड जिल्ह्याचे जुन्या माणसांच्या बोलण्यात दोनच भाग असतात: वर बालाघाट, खाली गंगथडी. गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. चालणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर ही विभागणी मोठी सोयीची आहे. डोंगराचा सराव बालाघाटात होतो आणि सपाट, उन्हाच्या, वाळूच्या चालीचा सराव गोदाकाठी. मांजरा पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, बिंदुसरा त्याच रांगांतून उतरून बीड शहरात येते. पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते आणि दरीत रामेश्वराचे मंदिर आहे. दरीत उतरून परत वर येणे हा गुडघ्यांची परीक्षा घेणारा उत्तम धडा. मांजरसुंब्याहून कपिलधारला चालत जाऊन परत येणे ही सकाळच्या वेळात बसणारी फेरी. अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन घेऊन हत्तीखान्याची लेणी पाहावीत आणि मग मुकुंदराजांच्या समाधीकडे दरीच्या कडेने पायी निघावे. शके १११० म्हणजे ११८८ मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या या कवीची समाधी मोटारीने पाहणे आणि चालत जाऊन पाहणे यांत किती फरक आहे, हे एकदा चालल्यावरच कळते. धारूरचा किल्ला ज्यांना नुसता ‘वाटेत लागतो’ म्हणून ठाऊक आहे, त्यांनी एक अख्खी सकाळ त्याच्या तटाला द्यावी. सीताफळाच्या दिवसांत गेल्यास दुहेरी लाभ. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि धारूर-बालाघाटचे फळ त्याच चवीचे.

या वाटांवर पाट्या नाहीत, दोरखंड नाहीत, आणि सह्याद्रीत भेटतात तसे व्यावसायिक गाईडही क्वचितच. इथला वाटाड्या म्हणजे त्या शिवारात गुरे वळणारा माणूस. त्याला सोबत घ्यावे आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी आधी ठरवून, हातात द्यावी. ‘चहापाण्याला’ म्हणून नोट सरकवणे त्याच्या कामाचा अपमान आहे. पाणी कुठल्या महिन्यात कुठल्या झऱ्याला असते, कोणत्या कपारीत आग्या मोहोळ लटकले आहे, कोणाच्या रानातून गेले तर शिव्या पडतील, हे त्याच्याइतके कोणत्याही मोबाइलला ठाऊक नसते. मोहोळाची गोष्ट गंभीरपणे घ्यावी. किल्ल्यांवर आणि कड्यांखाली अत्तर, धूर आणि गलका या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

नायगावच्या मयूर अभयारण्यात जायचे असेल तर वनखात्याची परवानगी घेऊनच. १९९४ मध्ये घोषित झालेले हे सुमारे ३० चौरस किलोमीटरचे रान मोरांचे आहे, पण डोंगरपट्ट्यात बिबट्याही आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे दगावली होती. घाबरून घरी बसण्याचे कारण नाही. एकट्याने, झुंजुमुंजूला किंवा तिन्हीसांजेला झाडीत शिरू नये आणि लहान मुलांना घोळक्याच्या मध्ये ठेवावे, एवढे पुरे.

गोदाकाठची चाल वेगळी. गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आणि पांचाळेश्वर ही दोन ठिकाणे नदीकाठी एकमेकांच्या जवळ आहेत. राक्षसभुवनला शनीचे देवस्थान आहे आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तो इथेच. पांचाळेश्वरचे आत्मतीर्थ महानुभावांचे. खाली माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरीला अधिकमासात मोठी जत्रा भरते. या काठाने चालताना एक गोष्ट शिकता येते, जी पुढे कोकणात जिवाच्या मोलाची ठरते: पाणी आपल्या सोयीने वागत नाही. वर पैठणला नाथसागरातून विसर्ग सोडला की कोरडे पात्र भरते, आणि वाळूउपशाने झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. पात्रातून ‘जवळच्या वाटेने’ जायचा मोह आवरायचा, विसर्गाची चौकशी करूनच खाली उतरायचे.

सराव किती करावा? सहलीच्या दीड-दोन महिने आधीपासून आठवड्यातले चार दिवस तासभर चालावे आणि दर रविवारी एक लांब पल्ला. पाठीवर सुरुवातीला काहीच नको. मग दोन-दोन पाण्याच्या बाटल्या वाढवत ओझे पाच-सहा किलोंवर न्यावे. बीडचा माणूस सपाटीला दमत नाही. त्याला त्रास देतो तो उतार. मांडीचे पुढचे स्नायू उतरताना दुखतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. म्हणून मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या डोंगरात चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक करावा: पावले लहान, गुडघे किंचित वाकलेले, हातात काठी.

दिवसाचा हिशेब बांधायला स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून चालतो. दर तीन मैलांना एक तास आणि दर २००० फूट चढाईला आणखी एक तास. म्हणजे साधारण पाच किलोमीटरला तास आणि ६०० मीटर चढाईला वेगळा तास. नेस्मिथ पट्टीचा चालणारा होता आणि त्याच्या हिशेबात चहा, गप्पा, फोटो धरलेले नाहीत. आपल्याकडच्या गटासाठी आलेल्या उत्तरात निम्मी भर घालावी, म्हणजे अंधारात उतरायची पाळी येत नाही.

बीडहून सर्वांत सोयीचा सह्याद्री म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. तिथून संगमनेरमार्गे अकोले गाठता येते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड तिन्ही याच तालुक्यात. १६४६ मीटरचे कळसूबाई हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. पायथ्याच्या बारी गावातून निघणारी वाट कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्यांनी सोपी केली आहे. शनिवारी रात्री तिथे इतकी गर्दी असते, की शिडीखाली रांग लावावी लागते. ज्याला सुटी मिळते त्याने मधल्या वारी जावे. गावातल्या घरी जेवण-मुक्काम मिळतो आणि वाट दाखवायला गावातलीच तरणी मुले मिळतात.

इतिहासाच्या ओढीने अनेकांना पहिल्या झटक्यात पन्हाळा-पावनखिंड करायची असते. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू लढले; त्या तारखांना दरवर्षी कोल्हापूरच्या संस्था शेकडो लोकांना म्हसाई पठार, करपेवाडी, पांढरपाणी या वाटेने नेतात. मोहीम सुंदर आहे. पण मुसळधार पाऊस, गुडघाभर चिखल, पन्नासहून अधिक किलोमीटर आणि दोन दिवस, हे सगळे पहिल्यांदाच ट्रेकला निघालेल्या मराठवाड्याच्या माणसाला झेपेलच असे नाही. त्याने एक पावसाळा घाटमाथ्यावर काढावा आणि मग पुढच्या जुलैत नाव नोंदवावे.

आता समुद्र.

कोकणात पायी हिंडायला रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा पट्टा विशेष चांगला: मंडणगड तालुक्यातले वेळास, मग दापोली तालुक्यातले केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड. पुण्याला जाऊन स्वारगेटहून दापोलीची एसटी धरता येते. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव आणि आता ऑलिव्ह रिडले कासवांमुळे ओळखले जाणारे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्ले समुद्रात सोडतात. गावातल्या घरांतच राहण्याची सोय होते. जवळच बाणकोटचा किल्ला. केळशीला महालक्ष्मीचे मंदिर आणि वाळूची पुरातन टेकडी. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती, हर्णैला समुद्रात उभा सुवर्णदुर्ग आणि बंदरावर मासळीचा लिलाव. शाकाहारी माणसानेही तो लिलाव पाहावा. मोंढ्यात वाढलेल्या बीडकराला तिथली बोली लावण्याची तऱ्हा लगेच उमजेल. मुरूड महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे गाव. मुलगा असताना परीक्षेसाठी ते या किनाऱ्यावरून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. त्या वाटेचा आजचा प्रवास एसटीनेही कंटाळवाणा होतो.

या पट्ट्यात चालताना दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली वाळू. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवले, की मोकळ्या वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. तेव्हा पाण्याच्या कडेची ओली, घट्ट पट्टी धरून चालायचे आणि रोजचा टप्पा दहा-पंधरा किलोमीटरच्या आत ठेवायचा. बूट काढून अनवाणी चालायचा मोह पहिल्या तासापुरता ठीक. मग टाचा बोलू लागतात.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. ओली पट्टी मिळते ती ओहोटीलाच, आणि दोन पुळणींमधल्या खडकातून जाता येते तेही तेव्हाच. कोकणातल्या म्हाताऱ्यांचा हिशेब पंचांगावर चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पहाटेही आणि दुपारीही साधारण त्याच वेळी भरती. मधे सकाळी दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बाराला ओहोटी. वद्य पक्षातही मोजणी पुन्हा एकपासून. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी फार वर चढते आणि फार खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हालचाल कमी. हा अंदाज आहे, बंदराच्या छापील तक्त्याला पर्याय नाही. पण सहलीच्या तारखा ठरवताना कालनिर्णय उघडून ‘सकाळी आठ ते अकरा ओहोटी मिळते का’ एवढे पाहिले, तरी अर्धी आखणी झाली. आयोजकाने हे पाहिले आहे का, हे फोनवर विचारावे. ‘भरतीचं काय, बघू तिथे गेल्यावर’ असे उत्तर आले तर फोन ठेवावा.

खाड्या हा आणखी एक मुद्दा. दोन गावे हाकेच्या अंतरावर दिसतात आणि मधे खाडी असते. कुठे पूल आहे, कुठे तर मिळते, तर किती वाजेपर्यंत चालते, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. सावित्रीच्या खाडीवर बागमांडला-वेसवी जंगलजेट्टी म्हणजे फेरीबोट आहे; हरिहरेश्वरकडून वेळासला यायचे असेल तर तीच सोयीची.

मराठवाड्याचे ऊन कोरडे, घाम वाळतो. किनाऱ्यावर तो वाळत नाही, अंगावरच राहतो आणि शरीर निवत नाही. तहान लागेपर्यंत थांबू नये. लिंबू, मीठ, साखरेचे पाणी तासा-दीड तासाला घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावे. सुती बनियन-टी शर्ट भिजून काचतो, म्हणून लवकर वाळणारा कपडा. बुटांवर हजारो रुपये घालायची घाई नको. सह्याद्रीत वर्षानुवर्षे ‘ॲक्शन ट्रेकिंग’चे साधे बूट वापरणारे कसलेले लोक दिसतात. बूट अर्ध्या नंबराने मोठा घ्यावा, दोन महिने तोच घालून सराव करावा. नवा कोरा बूट घालून निघणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोड येतात. डोक्याला टोपी किंवा उपरणे, खिशात शिटी, सॅकमध्ये विजेरी. फराळाला दशम्या-धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ. बाजारातल्या कोणत्याही एनर्जी बारपेक्षा ती शिदोरी उजवी.

आयोजक निवडताना फोटो पाहू नयेत, प्रश्न विचारावेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. नोंदणी आहे का, हा पहिला प्रश्न. किती माणसांमागे किती लीडर? प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाचे झाले आहे? ते कोणत्या संस्थेतून? पुण्याच्या गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी असे शिक्षण मिळते. विमा कोणत्या प्रकारचा? गटात बायका असतील तर स्त्री लीडर आहे का, मुक्कामी शौचालयाची सोय काय? सामान गाडीतून जाणार की पाठीवर? आणि शेवटचा, सर्वांत मोलाचा प्रश्न: यापूर्वी अर्ध्यातून ट्रेक रद्द केला होता का, का केला? ज्या लीडरने कधीच माघार घेतली नाही, त्याच्यापेक्षा पाऊस पाहून सगळ्यांना परत फिरवणारा लीडर भरवशाचा.

निघण्यापूर्वी मार्ग, मुक्काम आणि लीडरचा नंबर घरी लिहून ठेवावा. रेंज असेल तिथे संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. सह्याद्रीत अपघात झाल्यास ठिकठिकाणच्या गिर्यारोहकांना एकत्र आणणारे महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर मदतीला येते. त्यांचा क्रमांक लीडरकडे असायलाच हवा.

काळाचा हिशेब असा करावा. दसऱ्यानंतर बालाघाटात सराव सुरू करावा. तेव्हा रान हिरवे असते, झऱ्यांना पाणी असते आणि वाट निसरडी नसते. डिसेंबर-जानेवारीत अकोल्याचा एखादा डोंगर. फेब्रुवारीत, वेळासची कासवे आणि सकाळची ओहोटी जुळतील अशा तिथ्या पाहून, कोकण. होळीनंतर मात्र ना बालाघाट ना किनारा. त्या उन्हात चालण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. ज्यांना यंदाच निघायचे आहे, त्यांनी येत्या रविवारी सकाळी सहाला मांजरसुंब्याला उतरावे आणि कपिलधारपर्यंत चालून पाहावे.